मी, जिल्हा उस्मानाबाद

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. शिसवी मुठीचा आणि गोल तोंडाचा. माझ्या तोंडावर 'ग्रामपंचायत करडवाळ, ता. उदगीर, जि. उस्मानाबाद' अशी अक्षरं आहेत. तुम्ही मला उलटं करून पाहिलंत तर तुम्हाला ती धड वाचता यायची नाहीत, कारण शिक्क्याच्या अंगावर अक्षरं उलटी असतात आणि कागदावर पडली की सुलटी होतात. माझ्या तोंडावरून आडवा एक खोल चर गेलेला दिसेल. तो ब्लेडनं पाडलेला आहे. तो कसा पडला, तेच आज सांगायचं आहे.

आपली कहाणी सांगताना सगळे आधी आपले गुण सांगतात. मी आधी दुर्गुण सांगून मोकळा होतो. मी पहिल्यापासून जळकुकडा आहे. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं. या दुखण्यापायी मी एका चांगल्या बाईचा घात करायला निघालो होतो.

माझा जन्म एकोणीसशे बासष्ट सालचा. उदगीरच्या बाजारात किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नरसिंग नावाचा शिक्केवाला बसायचा. तो अक्षरांचे शिशाचे खिळे उलटे जुळवायचा, त्यांचा साचा करायचा आणि त्या साच्यात तापलेलं रबर दाबायचा. मला मुठीवर चिकटवल्यावर पहिला ठसा त्यानं स्वतःच्या तळहातावर मारून पाहिला आणि शेजारच्या चहावाल्याला हात दाखवत ओरडला, "उठलाय बगा कसा! एक काना फुटला न्हाई." माझं आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. मला ते फार आवडलं आणि तीच खोड पुढे जडली.

करडवाळात मला मान होता. दाखल्यावर सही कुणाची आहे, मजकूर काय आहे, हे कुणी पाहायचं नाही. लोक एकच विचारायचे, "गोल शिक्का पडला का?" पडला असेल तर कागदाची घडी घालून खिशात. जन्म, मृत्यू, रहिवास, सगळ्याची खात्री माझ्या तोंडून व्हायची. सटवाजी हा पंचायतीचा शिपाई. तो रोज सकाळी पॅडवर शाईचे दोन थेंब टाकून मला जुन्या धोतराच्या चिंधीनं पुसायचा. शेषेराव ग्रामसेवक मला दोन बोटं आणि अंगठा यांत असं धरायचे की माझी मूठ हळूहळू त्यांच्या बोटांच्या मापाची झिजली. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणायचं.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर नाव लावायला रहिवासाचा दाखला लागायचा. पंचायतीच्या खोलीत माणसं मावेनात, तेव्हा शेषेरावांनी टेबल थेट खडीच्या ढिगाजवळ मांडलं. मी सकाळपासून पडत होतो. दुपारी सटवाजीच्या घामेजल्या हातातून निसटलो आणि खडीवर आपटलो. 'उस्मानाबाद'मधल्या शेवटच्या 'द'च्या पोटाचा टवका उडाला. सटवाजी रडकुंडीला आला. शेषेरावांनी कागदावर ठसा मारून पाहिला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे रे. वाचता यायलंय की. यंदा कुणाच्या पोटाचा टवका उडला न्हाई?" त्या दिवसापासून माझा 'द' असा अर्धपोटी आहे. हा 'द' लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दुसऱ्या वर्षी गौरम्मा आपल्या लेकीला घेऊन पंचायतीत आली. गौरम्मा म्हणजे शंकरप्पा दुकानदारांची बायको, आणि लेकीचं नाव रुद्राणी. एकुलती एक. तिला नांदेडला नर्सचं शिक्षण घ्यायला जायचं होतं आणि त्यासाठी जन्माचा दाखला हवा होता. शेषेरावांनी धूळ झटकून जुनं बाड काढलं आणि नोंद वाचली: सन चोपन्न, मौजे करडवाळ, तालुका उदगीर, जिल्हा बीदर.

"बीदर?" गौरम्मा म्हणाली. "आमी बीदरला कवा ऱ्हात होतो?"

"तुमी न्हाई हो अक्का. गावच तवा बीदर जिल्ह्यात होतं. छप्पन साली उस्मानाबादेत आलं."

"आन् आमाला कुणी सांगितलं बी न्हाई?"

शेषेराव हसले. त्यांनी दाखला लिहिला, जन्मस्थळापुढे 'जि. बीदर' असं नोंदीप्रमाणे उतरवलं, आणि खाली मला टेकवलं. मित्रांनो, तो ठसा माझ्या आयुष्यातला सगळ्यात स्वच्छ ठसा होता. जांभळा, गोल, कुठे पसरला नाही, कुठे फिका पडला नाही. शेषेरावांनी जावक वहीतही त्याची नोंद केली आणि तिथेही मला टेकवलं. रुद्राणीनं दाखल्यावर फुंकर मारली. ती फुंकर मला अजून आठवते.

अशी नऊ वर्षं गेली. मग आलं ब्याऐंशी साल. ऑगस्टात लातूर हा वेगळा जिल्हा झाला आणि उदगीर तालुका त्यात गेला. करडवाळात पेढे वाटले, पोरांनी फेरी काढली. मीही खूश होतो. जिल्हा गेला की त्याच्या नावाचा शिक्काही जातो, हे मला कुठं ठाऊक? बीदर गेलं तेव्हा मी जन्मलोच नव्हतो.

मग एके दिवशी लातूरहून नवा शिक्का आला. लाल प्लास्टिकची चकचकीत मूठ, कोवळं तोंड, आणि त्यावर 'जि. लातूर'. सरपंच धोंडप्पांनी त्याला हळदकुंकू लावलं. सटवाजीनं नारळ फोडला. माझ्यापुढे वीस वर्षांत कुणी सुपारीसुद्धा फोडली नव्हती! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याहून वाईट म्हणजे माझी चिंधी घेऊन सटवाजी त्या लाल्याचं तोंड पुसायला लागला.

वरून कागद आला होता की जुना शिक्का नष्ट करून तसा अहवाल पाठवावा. शेषेरावांनी 'नष्ट केला' असं लिहून अहवाल पाठवून दिला. पण ब्लेड हातात घेतलं आणि ठेवून दिलं. त्यांच्या बोटांना माझी सवय होती. त्यांनी मला एका रुमालात गुंडाळून ड्रॉवरच्या तळाशी सारलं. तिथून मला दिवसभर नव्याचा आवाज ऐकू यायचा. टप्प. टप्प. प्रत्येक टप्पला माझा जळफळाट व्हायचा. हा पोरगा कालचा, याला ना बहात्तर ठाऊक ना खडी, आणि लोक म्हणायचे, "नवा शिक्का लई ठसठशीत हाय बरं का!" मी मनात म्हणायचो, एकदा शाई वाळू दे, मग बघू.

त्या वर्षी पावसानं दगा दिला. विहिरी आटल्या आणि बोअर पाडायचं मोठं यंत्र घेऊन एक परदेशी कारागीर गावात आला. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशाचा. त्या देशाचं नाव करडवाळात कुणालाच नीट घेता आलं नाही, मलाही नाही. त्याचं स्वतःचं नाव येन्स. तेही गावाला जमेना, म्हणून धोंडप्पांनी त्याचं येनसप्पा करून टाकलं आणि तो त्या नावाला ओ द्यायला लागला. तो मराठीतला पहिला शब्द शिकला तो 'हापसा'. हापसा बसवला की स्वतः दांडा मारून पाणी प्यायचा आणि म्हणायचा, "हापसा, लई बेस."

रुद्राणी तोवर नर्स होऊन उदगीरच्या एका दवाखान्यात नोकरीला होती आणि सुट्टीला गावी यायची. तिला इंग्रजी यायचं. तो बोलायचा ते ती गावाला सांगायची, गाव पाण्याचं विचारायचं ते ती त्याला सांगायची. पुढे पुढे तो पाण्याचं सोडून भलतंच काही बोलायला लागला आणि ते तिनं गावाला सांगितलं नाही.

शंकरप्पा दोन महिने लेकीशी बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "जंगमाच्या पाया पडंल का तो?" जंगम म्हणजे त्यांचा लिंगायत गुरू. येनसप्पा त्याच्या पाया पडला. इतका उंच माणूस की जंगमालाच मागे सरकावं लागलं. जानेवारीत लातूरला नोंदणी झाली, घरी अक्षता पडल्या. फेब्रुवारीत त्याचं काम संपलं आणि तो आपल्या देशी गेला. रुद्राणीनं मागून जायचं ठरलं. त्यासाठी हवा होता व्हिसा.

गौरम्माला व्हिसा म्हणता येईना. ती विसावा म्हणायची. "लेकीचा विसावा यायचाय दिल्लीहून," असं सगळ्या गल्लीला सांगायची. पण सांगताना तिचा चेहरा आंबट व्हायचा. कारण तिकडून एक पार्सल आलं होतं. येनसप्पाच्या आईनं सुनेसाठी लोकरीचा स्वेटर विणून पाठवला होता. मार्चचं ऊन, विहिरीत चिखल, आणि गौरम्मा पंचायतीच्या ओट्यावर बसून तो स्वेटर सटवाजीपुढे नाचवत होती.

"बग रे, कसा इणलाय! एक टाका चुकला न्हाई. सासूनं लिवलंय, पोरीला थंडी वाजंल. आन् म्या काय तिला अठ्ठावीस वर्सं उघडी ठिवली?"

"सासू चांगली दिसायली की, अक्का."

"चांगलीच हाय. तेच तर दुखायलंय."

ड्रॉवरच्या तळाशी मी हे ऐकलं आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! गावात माझ्यासारखं आणखी कुणीतरी होतं.

आता माझ्या पापाकडे येतो. व्हिसाच्या अर्जाला लग्नाच्या कागदाखेरीज आणखी दोन कागद लागणार होते. एक, जन्माचा दाखला. तो रुद्राणीकडे त्र्याहत्तरपासून जपलेला होता, माझ्या ठशाचा. दुसरा, ती करडवाळची रहिवासी असल्याचा ताजा दाखला. तो घ्यायला ती एका सकाळी पंचायतीत आली. शेषेरावांनी दाखला लिहिला. तेवढ्यात बाहेर पाण्याचा टँकर आला, घागरींची आदळआपट आणि भांडणं सुरू झाली. शेषेराव खिडकीबाहेर बघत ओरडत होते, "रांग लावा, रांग!" आणि एका हातानं ड्रॉवरमध्ये शिक्का चाचपडत होते. माझा रुमाल उंदरांनी कधीच कुरतडला होता. त्यांची बोटं आधी लाल मुठीला लागली आणि पुढे सरकली. मग मला लागली आणि थांबली. बोटांना ओळख पटली.

मित्रांनो, मी तेव्हा निसटू शकलो असतो. निसटणं मला येतं, खडीवर आपटलेला गडी मी. कागदावर काय पडणार आहे हे त्या खोलीत एकट्या मलाच कळत होतं. पण मी त्यांच्या बोटांना घट्ट धरून राहिलो. सात महिन्यांनी माझ्या तोंडाला शाई लागली होती. मी कागदावर सगळं वजन टाकून पडलो, आणि वर पडल्या पडल्या त्या लाल्याकडे बघून म्हणालो, बघ, असं पडतात.

शेषेरावांनी ठसा पाहिला नाही. रुद्राणीनंही वाचला नाही. शिकलेली बाई, पण ती करडवाळचीच. गोल शिक्का पडला का एवढंच तिनं पाहिलं, कागदावर फुंकर मारली आणि गेली. त्या दिवशी मी ड्रॉवरमध्ये राजासारखा पडून होतो.

मे महिन्यात दिल्लीतल्या येनसप्पाच्या देशाच्या वकिलातीचं पत्र आलं. रुद्राणी ते घेऊन तडक पंचायतीत आली. पाठोपाठ गौरम्मा आली. रुद्राणीनं पत्र वाचून मराठीत सांगितलं.

"भाऊसाहेब, ते म्हणतात, अर्जदार बीदर जिल्ह्यात जन्मली, उस्मानाबाद जिल्ह्यात राहते, आणि लग्नाच्या कागदावर राहणार जिल्हा लातूर लिहिलंय. यातलं खरं कोणतं?"

"आगं, गाव हाय तिथंच हाय," शेषेराव म्हणाले. "जिल्हेच येऊन-जाऊन ऱ्हायलेत."

"ते मी समजावून लिहीन. पण पुढं ऐका. मार्चच्या रहिवासी दाखल्यावर उस्मानाबादचा शिक्का आहे. ते विचारतात, ऑगस्टात जो जिल्हा सुटला त्याचा शिक्का मार्चमध्ये कसा पडला? आणि हाच शिक्का जन्माच्या दाखल्यावर पण आहे. म्हणजे तो दाखला त्र्याहत्तरचा नसून आत्ताच कुणीतरी बनवलेला असावा. तीस दिवसांत खुलासा आला नाही तर कागद खोटे धरून अर्ज फेटाळणार. आणि खोट्या कागदाचा शेरा एकदा पडला की पुढं कधीही अर्ज केला तरी तो आडवा येणार."

शेषेरावांनी दाखल्याची नक्कल हातात घेऊन ठशाकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं. पण त्यांच्या नोकरीची दोनच वर्षं उरली होती, आणि जुना शिक्का नष्ट केल्याचा अहवाल त्यांच्याच सहीनं वर गेलेला होता.

"भाऊसाहेब, चुकून पडला असं एवढंच लिहून द्या," रुद्राणी म्हणाली.

"जुना शिक्का कवाच नष्ट केलाय, बाई. मी कसं लिहू?" असं म्हणून त्यांनी ड्रॉवरला कुलूप लावलं.

अंधारात मी एकच शब्द घोळवत होतो: खोटा. माझा तो ठसा, ज्यात काही पसरलं नव्हतं, काही फिकं नव्हतं, तो खोटा! नव्याच्या जागी एकदा पडायच्या नादात मी माझं जुनं खरं कामही घालवून बसलो होतो. आणि माझं सोडा, मी रबराचा तुकडा. त्या पोरीचं काय? तिचा नवरा तिकडे, ती इकडे, आणि मधे मी आडवा पडलेलो. नव्या शिक्क्यानं मला काही म्हटलं नाही. तो म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं.

दिवस जायला लागले. रुद्राणी दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा आत शिरलीच नाही. समोरच्या येनसप्पाच्या हापशाचा दांडा तिनं दहा-बारा वेळा मारला, पाणी आलं नाही, नुसती घरघर आली, आणि ती परत गेली. सटवाजी सांगायचा की गौरम्मानं आधी घरात शेंगापोळी केली होती. "मग ऱ्हा की इथंच," असं लेकीला म्हणाली होती. स्वेटर तिनं पेटीच्या तळाशी घातला होता. लेकीनं पोळीला हात लावला नाही.

बाविसाव्या दिवशी गौरम्मा एकटीच पंचायतीत आली. दुपारची वेळ होती, शेषेराव आणि सटवाजीच होते. ती खुर्चीवर बसली नाही, दाराच्या उंबऱ्यावर बसली.

"भाऊसाहेब, खरं सांगू? पत्र आलं तवा मला आतून बरं वाटलं होतं."

"त्या बाईचा सवेटर आल्यापसून माझं पोट दुखायलं होतं. वाटलं, हाव, बसा आता इणत. माझी लेक काई जात न्हाई. चार दिस लई गोड लागलं. मग रात-दिस एकच इचार यायलाय. ते म्हणायलेत, जन्माचा कागद खोटा. म्हंजी काय वं, भाऊसाहेब? बीदर म्हणा, उस्मानाबाद म्हणा, लातूर म्हणा, तुमाला काय म्हणायचं ते म्हणा. पण म्या तिला जन्म दिलाय. माझ्या घरात, जात्याच्या खोलीत. दोन दिस लागले मला. ते बी खोटं का?"

तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. सटवाजी तोंड फिरवून भिंतीकडे बघायला लागला.

"तिला जायाचं न्हाई तर न जाऊ दे. पण खोटी म्हणून न्हाई. जायाची असंल तर खरी म्हणून जाऊ दे."

शेषेरावांनी कंबरेची किल्ली काढली, ड्रॉवर उघडला आणि मला काढून टेबलावर ठेवलं.

"हा बगा, अक्का. नष्ट केलो म्हणून लिवलो, पण माझ्यानं झालं न्हाई. मीच मारला, आन् मीच लपिवला."

"मग आता लिवा," गौरम्मा म्हणाली.

त्यांनी लिहिलं. धोंडप्पांना बोलावलं, दोन पंच बोलावले. कागदावर साधं, सरळ लिहिलं की मौजे करडवाळ जागचं हललेलं नाही. छप्पनपर्यंत ते बीदर जिल्ह्यात होतं, ब्याऐंशीच्या ऑगस्टपर्यंत उस्मानाबादेत, आणि आता लातुरात आहे. जुना शिक्का नष्ट करायचा राहिला, तो आपल्या हातून चुकून पडला, अहवाल चुकीचा होता. चूक ग्रामसेवकाची आहे, अर्जदार बाईची नाही. मग त्र्याहत्तरची जावक वही काढली. त्यात रुद्राणीच्या दाखल्याची नोंद होती आणि शेजारी माझा ठसा, दहा वर्षांचा जुना, कडेनं तपकिरी पडलेला. त्या ठशातही 'द'च्या पोटाचा टवका उडालेला होता. जन्माच्या दाखल्यावरही तोच टवका, मार्चच्या दाखल्यावरही तोच. वहीतला ठसा तर कुणी आज बनवून मागे नेऊन चिकटवू शकत नव्हतं. खडीवर पडून झालेली माझी फजिती रुद्राणीची साक्ष झाली.

मग एका कोऱ्या कागदावर दोन्ही शिक्क्यांचे नमुने घ्यायचे होते. मी आणि नवा पहिल्यांदाच एका पॅडवर शेजारी शेजारी आलो. मी त्याला इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या 'र'च्या शेपटीत शाईचा गोळा अडकला होता आणि तो घाबरलेला होता. त्याला तरी कुणी विचारलं होतं का, की बाबा, तुला कुणाच्या जागी यायचंय? आम्ही दोघे एका कागदावर पडलो. तो लातूर, मी उस्मानाबाद. दोघेही खरे.

त्यानंतर शेषेरावांनी ब्लेड हातात घेतलं. या खेपेला ते थांबले नाहीत. "सटवाजी, घट्ट धर," ते म्हणाले. माझ्या तोंडावरून आडवा चर गेला. दुखलं. पण रडलो नाही, कारण चर पाडल्यावर मला आणखी एकदा शाईत बुडवलं आणि त्याच कागदावर खाली टेकवलं. शेषेरावांनी त्यापुढे लिहिलं, 'रद्द केल्यानंतरचा ठसा'. तो माझा शेवटचा सरकारी ठसा. रुद्राणी दाराशी येऊन उभी होती. कागद तिच्या हातात दिला तेव्हा तिनं त्यावर फुंकर मारली, अगदी त्र्याहत्तर सालासारखी.

शेषेरावांना लेखी ताकीद मिळाली आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला त्यांची बदली झाली. जाताना गौरम्मानं त्यांच्याकडे मला मागून घेतलं. "ह्यानं माझ्या बाजूनं सांगितलंय," ती म्हणाली. मी ओशाळलो. मी मार्चमध्ये काय केलं होतं, ते तिला कुठं ठाऊक होतं?

जुलैत पोस्टमन दिल्लीचं पाकीट घेऊन आला. गौरम्मा दुकानाच्या पायरीवर होती. तिनं तिथूनच विचारलं, "आला का विसावा?" रुद्राणीनं पाकीट फोडलं, वाचलं, आणि आईच्या गळ्यात पडली. उत्तर द्यायची गरज उरली नाही.

उदगीरच्या स्टेशनात गाडी यायच्या आधी गौरम्मानं लेकीची पेटी उघडून पुन्हा लावली. तळातला स्वेटर काढून सगळ्यात वर ठेवला. "उतरल्या उतरल्या घाल," ती म्हणाली. "आन् त्या बाईला सांग, लई चांगला इणलाय म्हणून."

"अव्वा, तूच सांग की पत्रात."

"मला कुठं लिवता येतंय?"

पण गौरम्मानं त्यातून वाट काढली. पत्र शंकरप्पा लिहायचे, आणि शेवटी अंगठा उठवायच्या जागी गौरम्मा मला टेकवायची. सटवाजीनं पंचायतीतलं एक टाकून दिलेलं पॅड तिला आणून दिलं होतं. अशी माझी नवी नोकरी सुरू झाली. तिकडून पहिलं उत्तर आलं, त्यात रुद्राणीनं लिहिलं होतं, "सासूबाई विचारत होत्या, पत्राखाली हे गोल गोल काय आहे. मी सांगितलं, ही माझ्या आईची सही." गौरम्मानं ते वाक्य शंकरप्पांकडून तीनदा वाचून घेतलं. मित्रांनो, त्या लाल्याला जन्मात असं काम मिळालं नसतं.

गौरम्मा गेली तेव्हा रुद्राणी आली होती. परत जाताना तिनं मला पर्समध्ये टाकलं. विमानतळावर साहेबानं तिचा पासपोर्ट चारदा उलटून पाहिला. मला मात्र कुणी काही विचारलं नाही, ना जिल्हा, ना व्हिसा. आता मी त्या थंड देशातल्या एका खिडकीत असतो. माझ्या शेजारी तिच्या सासूच्या विणायच्या सुया ठेवल्या आहेत. पहिले काही दिवस त्यांचंच कौतुक जास्त होतं, म्हणून मी त्यांच्याशी बोलत नव्हतो. आता बोलतो. इकडे कळलं की माझ्या जिल्ह्याचं नावही आता बदललं. आणि करडवाळात संगणक आला, तो लाल मुठीचा शिक्काही ड्रॉवरात गेला. ऐकून मला थोडं बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? मग वाईट वाटलं, आणि ते जास्त वेळ वाटलं.

तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल, कामातून गेलेली. तिला उगाच कामाला जुंपू नका, ती हट्टानं घोटाळा करील. पण फेकूही नका. तिनं कधीकाळी जे खरं म्हणून सांगितलं होतं, ते पुन्हा सांगायची वेळ कुणावर तरी येते. आणि जी वस्तू जुनी झाली आहे तिला माझं सांगणं आहे की बाई गं, नव्याच्या जागी घुसू नकोस. तुझी आठवण निघेल तोवर गप पडून राहा.

परवा रुद्राणीची नात शाळेतून एक कागद घेऊन आली. आजीबद्दल लिहून आणायचं होतं, आणि त्यात एक रकाना होता, आजीचा जन्म कुठे झाला? रुद्राणीनं लेखणी हातात घेतली. बीदर लिहिलं नाही, उस्मानाबाद लिहिलं नाही, लातूरही लिहिलं नाही. तिनं नातीला समजेल अशा त्यांच्या भाषेत लिहिलं आणि मग मला वाचून दाखवल्यासारखं मराठीत म्हणाली, "माझ्या आईच्या घरात, जात्याच्या खोलीत." मग तिनं मला उचललं, शाईत बुडवलं, त्या ओळीखाली टेकवलं आणि ओल्या ठशावर फुंकर मारली.